भर मे महिन्यात ट्रेडमिलवर २४ किमी: कोणी केलंय का?

फुटाळाकाठी | २६ एप्रिल, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी हैदराबादला पहिली फुल मॅरेथॉन पळायची आहे. फी भरली, ऑफिसात सांगून बसलो, आता माघार नाही. पण तारखेपासून मागे मोजत आलो तर लांब पल्ल्याचे रविवार नेमके मे महिन्यात येतात. मे आणि नागपूर म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. २३ मे २०१३ ला ४७.९ झालं होतं, तेव्हा मी दुपारी बँकेच्या कामाला बाहेर पडलो होतो. अजून आठवतं.

आज पहाटे साडेचारला निघालो. फुटाळा, अंबाझरी, परत फुटाळा. १५ किमीपर्यंत ठीक. सव्वासहाला सूर्य वर आला आणि पुढच्या दहा मिनिटांत पायातली हवाच गेली. वेग तोच, पण नाडी १४८ वरून १६९ ला. शेवटचे ३ किमी चालत घरी. वजन केलं तर निघतानापेक्षा २ किलो कमी.

घरी एक ट्रेडमिल आहे. साळ्याची पुण्याला बदली झाली तेव्हा तो टाकून गेला. त्यावर आजवर फार तर अर्धा तास चाललोय. बाकी वेळ त्यावर टॉवेल वाळतात. आता विचारायचं ते असं, की त्यावर २०–२४ किमी पळता येतं का? मशीनला सोसतं का? आणि बाहेरच्या पळण्याची सर त्याला येते का? नागपूर, अकोला, जळगाव, चंद्रपूरवाल्यांनी जरूर लिहा.

---

जुना_खोड | २६ एप्रिल, रात्री ९:४०

घाण्याला जुंपलेला बैलसुद्धा निदान गोल तरी फिरतो हो. तुम्ही तर जागच्या जागी!

अवांतर: १८१८ च्या सुमारास इंग्लंडात तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायांनी फिरवायचं चाक बसवलं गेलं, ट्रेडमिल हे नाव तिथलं. शिक्षा होती ती. आता लोक हप्ते भरून घरी आणतात.

---

पहाटपाखरू | २६ एप्रिल, रात्री १०:०५

मी जळगावची. तीन वर्षं झाली, एप्रिल ते जून माझे सगळे लाँग रन घरातच होतात. सर्वांत मोठा २६ किमीचा. तेव्हा येतं, नक्की येतं.

जुना_खोड काका, पहाटे साडेतीनला एकट्याने रस्त्यावर निघणं तुम्हाला जमतं. मला कॉलनीच्या वळणावर आठ कुत्री भेटतात, आणि कुत्र्यांची भीती त्यातल्या त्यात कमी वाटते. मला बैल व्हायला चालेल.

फुटाळाकाठी, माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी.

पहिलं म्हणजे पंखा. छताचा नाही, उभा पंखा, आणि तो समोरून छातीवर. मागे दुसरा मिळाला तर उत्तम. पंख्याशिवाय ट्रेडमिल म्हणजे मे महिन्यात बंद गाडीत बसणं.

दुसरं, सलग २४ डोक्यात आणायचेच नाहीत. मी तीन भाग करते. प्रत्येक भागानंतर तीन मिनिटं खाली उतरते, टॉवेल आणि टीशर्ट बदलते, पाणी पिते. तेवढ्यात मशीनही जरा निवतं.

तिसरं, आयपीएल. हसू नका! साडेसातला सामना सुरू होतो. एक डाव म्हणजे दीड तासापेक्षा थोडं जास्त. प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइम-आउट असतात, तेव्हा मी पाणी आणि अर्धं केळ खाते (जळगावात केळ्याला काय तोटा). पॉवरप्लेमध्ये सपाट, मधल्या षटकांत चढ १ वर, शेवटच्या चार षटकांत वेग थोडा जास्त. मागच्या वर्षी नवऱ्याने चुकून चॅनल बदललं तर मी धावता धावता ओरडले होते.

चौथं: पायात नेहमीचेच बूट, अनवाणी प्रयोग नको. मांड्या-काखा घासतात तिथे पेट्रोलियम जेली. घाम बाहेरपेक्षा जास्त येतो, हे गृहीत धरा.

---

अकोल्याचा_पोट्टा | २६ एप्रिल, रात्री १०:३१

काहून जीव देऊन राहिले भाऊ? अजून नवतपा लागाचा हाय, उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस. पंचवीस मेनंतर ये म्हणा ट्रेडमिलला, तो बी घामानं निथळते.

मी जिममधी पळतो. पहाटे साडेपाचले उघडते, तवा गर्दी नसते. पण तिथं पाटी लावली हाय, एका मान्साले ३० मिनिटं. मी दोन मशीन बदलून बदलून पळतो. मॅनेजर पाहूनच राहते.

---

नाडीपरीक्षा | २७ एप्रिल, सकाळी ७:१८

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे पंख्याचं महत्त्व कळेल.

पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. तुमचं वजन ६८ धरलं तर २४ किमीला १६०० च्या वर. त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग निव्वळ उष्णता म्हणून बाहेर पडायला हवा, म्हणजे किमान १२०० किलोकॅलरी. १ लिटर घाम अंगावरून वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. म्हणजे दोन लिटरहून जास्त घाम वाळायला पाहिजे. वाळायला, टपकायला नाही. हनुवटीवरून पट्ट्यावर पडलेल्या थेंबाने तुम्हाला काहीही थंड केलेलं नसतं.

बाहेर ताशी ९ किमीने पळताना वारा पडलेला असला तरी सेकंदाला अडीच मीटर हवा अंगावरून जाते. ट्रेडमिलवर ती शून्य. आपल्याच घामाच्या दमट ढगात उभं राहून पळतो आपण. नाडी चढत जाते त्याचं मोठं कारण हेच. त्वचेकडेही रक्त पाठवायचं, स्नायूंकडेही पाठवायचं, आणि घामामुळे रक्तातलं पाणी कमी होत चाललेलं. तेव्हा आकड्यातला वेग सोडा, नाडीवर पळा. चढली की वेग उतरवा.

पाण्याबद्दल: पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. जेवढे किलो कमी, अधिक जेवढं प्यायलात, तेवढा घाम. दोन-तीन रविवार मोजलंत की स्वतःचा दर कळतो. तो सगळाच्या सगळा भरून काढायचा हट्ट नको. नुसतं साधं पाणी लिटरवर लिटर पिऊन रक्तातलं सोडियम उतरणं हे तहानेपेक्षा धोकादायक आहे. पळून झाल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त प्यायलात, एवढं लक्षात ठेवा.

ओआरएस घ्यायचं तर १ लिटरचं पाकीट १ लिटर पाण्यातच. अर्ध्या ग्लासात घट्ट करून नाही. दुकानात गोड सरबतं ओआरएससारखी दिसणाऱ्या डब्यांत मिळतात, पाठीमागचं वाचा.

आणि हे हसण्यावारी नेऊ नका: बोलणं असंबद्ध होणं, तोल जाणं, उलटी, चिडचिड, कुठे आहोत ते न कळणं. उष्माघातात अंग कोरडंच पडतं असं नाही, पळणाऱ्याला भरपूर घाम येत असतानाही तो होतो. मशीन बंद, माणूस आडवा, अंगावर गार पाणी ओता, बर्फ असेल तर मानेला-काखेत-जांघेत, पंखा लावा आणि १०८ ला फोन. आधी थंड करा, गाडीची वाट बघत बसू नका. म्हणून घरात कोणी नसताना लाँग रन करू नये. रक्तदाब, हृदय, मधुमेह यांचं काही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

---

फुटाळाकाठी | २७ एप्रिल, दुपारी १:५०

डॉक्टर, हा हिशेब बायकोला वाचून दाखवला. उभा पंखा आजच येतोय.

---

वंगणवाला | २७ एप्रिल, रात्री ८:२६

पुण्यात ट्रेडमिल दुरुस्तीचंच काम करतो, तेव्हा मशीनच्या बाजूने दोन शब्द.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले हॉर्सपॉवर बहुतेक वेळा 'पीक' असतात. सलग चालायची ताकद वेगळी, ती आतल्या पानावर बारीक अक्षरात असते. तीच बघा. वापरणाऱ्याच्या वजनाची मर्यादाही बघा.

पट्टा उचलून खाली हात घाला. फळी कोरडी, खरखरीत लागली तर सिलिकॉन तेल घाला. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गंज काढायचा स्प्रे, यातलं काही नाही. खोबरेल घातलेलं मशीन माझ्याकडे आलंय, वास अजून नाकात आहे. कोरड्या पट्ट्यावर मोटर जास्त ओढते, तापते आणि मग तुम्ही म्हणता मशीन खराब.

पुढचं झाकण उघडून मोटरवरची धूळ काढा (प्लग काढून). साळ्याने टाकलेलं मशीन म्हणजे आत उंदराचं घर नाही ना, तेही बघा.

१५–१६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा, एक्स्टेंशनची बारीक वायर नको. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालवू नका. बऱ्याच घरगुती मशीनचं घड्याळ ६० किंवा ९९ मिनिटांना आपोआप थांबतं, ते मधेच दचकवतं. सेफ्टी किल्लीची दोरी कपड्याला अडकवलेली असू द्या. घरात लहान मूल असेल तर ते मागे उभं राहणार नाही याची काळजी घ्या. पट्ट्यात बोटं गेलेली मी पाहिली आहेत.

---

फुटाळाकाठी | ३ मे, सकाळी १०:३५

पहिला प्रयोग, थोडक्यात फजिती.

उंदीर नव्हता, पण झुरळं आणि साळ्याच्या मुलाचा एक लेगो निघाला. तेल घातलं. पंखा समोर. आणि अतिशहाणपणा म्हणून खोलीत कूलर ओढला, दारं-खिडक्या लावून घेतल्या, म्हटलं मस्त गारवा कोंडून ठेवू.

पहिली वीस मिनिटं महाबळेश्वर. चाळिसाव्या मिनिटाला आरसा धुरकट. पन्नासाव्याला मी मासळीबाजारातल्या बोंबलासारखा. साठाव्या मिनिटाला मशीन आपसूक थांबलं आणि मी पुढच्या दांडीवर आदळलो. एकूण ८.७ किमी. लाज राखायला जिन्यात चार वेळा वरखाली केलं.

---

नाडीपरीक्षा | ३ मे, सकाळी ११:०२

कूलर पाणी हवेत मिसळूनच गारवा देतो. बाहेरची कोरडी हवा आत घ्यायला आणि आतली ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीचं न्हाणीघर होणारच. कूलर खिडकीत, तोंड आत, समोरचं दार सताड उघडं. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात तो छान काम करतो. मुंबई-कोकणवाल्यांनी मात्र या फंदात पडू नये.

---

वाळवंटी_वडा | ३ मे, दुपारी ४:२०

शारजाहून. इथे जून ते सप्टेंबर दुसरा पर्यायच नाही, पहाटे चारलाही अंगावर ओला टॉवेल टाकल्यासारखं वाटतं. मी गेली पाच वर्षं एसी जिममध्ये पळतो, त्यामुळे एक इशारा देऊन ठेवतो.

पहिल्या वर्षी सगळा उन्हाळा २२ डिग्रीत पळलो, अगदी झोकात. सप्टेंबरअखेर बाहेर १० किमीची शर्यत होती, सहाव्या किमीला फुटपाथवर बसलो. फुफ्फुसं-पाय तयार होते, कातडी नव्हती. उकाड्याची सवय शरीराला लागायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्यात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. ती सवय वापरली नाही तर काही आठवड्यांत उतरूनही जाते.

आता लाँग रन आत, पण आठवड्यात दोन दिवस ४०–४५ मिनिटं बाहेर, अगदी रमतगमत, घड्याळ न बघता.

---

जुना_खोड | ३ मे, सायंकाळी ५:११

शेवटी बाहेरच यावं लागलं ना? :)

---

पहाटपाखरू | ३ मे, सायंकाळी ५:१९

४५ मिनिटं, काका. तीन तास नाही.

---

हुसेनसागरी | ४ मे, सकाळी ६:४४

हैदराबादकर मराठी माणूस. ही मॅरेथॉन तीनदा पळलोय. नेकलेस रोडवरून निघते, गच्चीबावलीच्या स्टेडियममध्ये संपते, आणि मधे फ्लायओव्हर एवढे की मोजणं सोडून द्याल. ज्युबिली हिल्सचा चढ वेगळाच. ऑगस्टअखेर ऊन फार नसतं, पण हवा दमट असते.

त्यामुळे सपाट पट्ट्यावर तीन महिने काढून येऊ नका. ट्रेडमिलवर दर दहा मिनिटांनी ३–४ टक्के चढ, दोन-तीन मिनिटं. त्याचा दुसरा फायदा म्हणजे पाय दर वेळी त्याच कोनात आपटत नाही. सपाटवर तासाभराने माझे तळपाय बधिर व्हायचे.

उतार मात्र बहुतेक घरगुती मशीन देत नाहीत. आणि तिथे मांड्या फाटतात त्या उतारावरच. महिन्यातून दोनदा एखाद्या पुलावरून खाली पळायचा सराव हवा.

---

मिरजमळा | ४ मे, सकाळी ९:००

ते ट्रेडमिल कायम १ टक्का चढावर ठेवावं असं म्हणतात, ते खरं का? आमच्या ग्रुपमध्ये तर वेदवाक्य आहे.

---

नाडीपरीक्षा | ४ मे, रात्री ९:३०

ते अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट यांच्या १९९६ च्या ब्रिटिश अभ्यासातून आलंय. समोरच्या वाऱ्याचा विरोध नसतो, तो १ टक्का चढाने भरून निघतो, असा निष्कर्ष. पण त्यांनी तपासलेले वेग ताशी साडेदहा किमीपासून १८ पर्यंतचे. हळू पळणाऱ्याला वारा तसाही फारसा अडवत नाही. ७ मिनिटांना किमी पळणाऱ्याने शून्यावर पळालं तरी पाप लागत नाही.

---

फुटाळाकाठी | १७ मे, दुपारी १२:१५

दोन रविवारांचा वृत्तांत.

१० मे: कूलर खिडकीत, दार उघडं, ९९ मिनिटांचं घड्याळ (मेनूत सापडलं). १६ किमी झाले. नाडी १५५ च्या आत. वर्षभरात एवढा शहाण्यासारखा पळालो नव्हतो. सोबत मीठ घातलेलं पन्हं, दोन खजूर, गूळ-दाण्याचा अर्धा लाडू. लाडू चुकला, पळताना घशात कोरडा बसतो.

मग शंका आली. मनगटावरचं घड्याळ १४.९ म्हणत होतं, मशीन १६. इंजिनियरिंगची खाज. पट्ट्यावर खडूने खूण केली, टेपने पट्ट्याची लांबी मोजली, २.८० मीटर. मग मी ताशी ९ वर पळत असताना मुलाने १०० फेरे मोजले. २८० मीटरला ११२ सेकंद लागायला हवेत. लागले ११८. म्हणजे खरा वेग साडेआठच्या जरासा वर. माझे १६ म्हणजे खरे सव्वापंधरा. साळा गेली चार वर्षं सगळ्यांना त्याच्या वेगाच्या गोष्टी सांगतोय, त्याला हा हिशेब पाठवला. उत्तर नाही.

आज १७ मे: २० ठरले होते. साडेअकरा किमीला लाईट गेली. पट्टा अचानक जड झाला, दांडी धरली म्हणून वाचलो. पंखा बंद, कूलर बंद. पाच मिनिटांत खोली भट्टी. पाऊण तास वाट पाहिली आणि आंघोळीला गेलो. बाहेर ४४.

---

वंगणवाला | १७ मे, दुपारी १:०३

फेरे मोजताना माणूस वर पळत होता हे बरोबर केलंत. रिकामा पट्टा मोजून लोक मला मशीन बरोबर आहे म्हणून सांगतात.

---

अकोल्याचा_पोट्टा | १७ मे, दुपारी १:३०

लाईट पहाटे सहसा जात नाई. दुपारी एसी-कूलर लागले का ट्रान्सफॉर्मर बसतो. पहाटेच उरकून टाका ना भाऊ, घरात असो का बाहेर.

---

फुटाळाकाठी | ३१ मे, सकाळी ९:२०

पोट्टा, तुझ्या त्या एका ओळीने काम झालं.

मी आजवर घर किंवा रस्ता असाच विचार करत होतो. आज नवतप्यातला रविवार. पहाटे ३:४५ ला बाहेर पडलो. साळ्याचा मित्र सायकलवर सोबत, त्यामुळे कुत्र्यांनी फक्त भुंकून घेतलं. अंबाझरीचा पूल दोनदा चढलो-उतरलो, हुसेनसागरींच्या आज्ञेनुसार. १३ किमी, साडेपाचच्या आत घरी. उजाडतच होतं. बूट-मोजे-टीशर्ट बदलले, वजन केलं (१.१ किलो कमी), ओआरएस घेतलं, आठ मिनिटांत ट्रेडमिलवर. कूलर बायकोने आधीच चालू करून ठेवला होता. वर ११ किमी, खडूच्या हिशेबाने खरे ११.

बाहेर उन्हाने वाट लावायच्या आत मी आत, आणि आत कंटाळा यायच्या आत संपलं. २४ झाले. शेवटच्या दोन किमीला सासूबाई गच्चीवर कुरडयांचं वाळवण घालायला निघाल्या होत्या. दारात थांबून म्हणाल्या, "अजून पोचला नाहीत का?"

---

पहाटपाखरू | ३१ मे, सकाळी ९:४१

सासूबाईंना माझा नमस्कार! आणि हे घर-रस्ता जोडकाम मी ढापतेय. माझा भाचा आलाय सुट्टीला, त्याला सायकलवर बसवते.

---

जुना_खोड | ३१ मे, सकाळी १०:१५

मान्य. १३ किमीपुरतं मान्य.

---

वाळवंटी_वडा | ३१ मे, दुपारी २:०८

फुटाळाकाठी, पहिले १३ उकाड्यात झाल्यामुळे सवयीचाही प्रश्न सुटला. माझा इशारा मागे.

---

फुटाळाकाठी | १४ जून, रात्री ८:५५

काल संध्याकाळी इथे पहिला दणक्यात पाऊस झाला. आज पूर्ण २६ बाहेर पळालो, तेलंगखेडीपर्यंत चिखल, पण हवा प्यावीशी वाटत होती. नाडी १५० च्या आसपास. वर्धा रोडच्या पुलावरून खाली येताना मांड्यांनी तक्रार केली, तेवढं काम बाकी आहे.

ट्रेडमिलवर पुन्हा टॉवेल आलेत. साळ्याचा फोन होता, म्हणे "तुमचं झालं असेल तर मशीन पुण्याला पाठवा, मीही सुरू करतोय." वाहतुकीचा खर्च कोणी द्यायचा यावर बोलणी चालू आहेत.

---

वंगणवाला | १४ जून, रात्री ९:१०

पाठवा. पुण्यात आलं की मीच बघून देतो. पण पट्ट्यावरची खडूची खूण पुसू नका, नाहीतर तो पुन्हा साडेआठला नऊ म्हणेल.